एकट्याला जेवण मिळत नाही

आक्कांच्या हॉटेलात एकट्या माणसाला जेवण मिळत नसे. हाकलून देत नसत कुणाला. एकटा माणूस आला, कोपऱ्यातलं रिकामं टेबल बघून बसला, की आक्का स्वयंपाकघरातून बाहेर येत, त्याच्यापुढचा पाण्याचा ग्लास उचलत आणि दुसरा कुणी जेवत असेल त्या टेबलावर नेऊन ठेवत. मग त्या माणसाकडे बघून नुसतं अहिराणीत म्हणत, "आठे बठ." ग्लास गेला की माणूस गुपचूप त्याच्या मागे जाई. फारच कुणी कुरकुर केली तर आक्का बोट वर करून दाराकडे दाखवत. "आठे कोनी एकला जेवस नही. बोर्डवर लिखेल शे."

बोर्डावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. बोर्ड गुजरातीत होता आणि त्यावर 'फॅमिली रेस्टॉरंट' एवढंच होतं. सुरतेच्या उधना भागातली ती जागा आधी एका काठेवाडी माणसाची होती. तो साड्यांच्या धंद्यात गेला आणि बोर्ड तसाच टाकून गेला. आक्कांना गुजराती वाचता येत नव्हतं, मराठीही जेमतेम सहीपुरतं. त्यांनी शेजारच्या शिंप्याला विचारलं, हे काय लिहिलंय? तो म्हणाला, फॅमिली, म्हणजे कुटुंब. आक्कांनी म्हणे थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, लिहिलंच आहे तर मग तसंच चालवू.

एवढी साधी गोष्ट. पण लहानपणी मला तो बोर्ड देवळाच्या शिखरासारखा वाटायचा, आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या आक्का त्याहून उंच. त्या उंच होत्याही. आमच्या पप्पांपेक्षा वीतभर जास्त. काष्ट्याचं नऊवारी, पदर खोचलेला, दंडावर जुनं हिरवं गोंदण, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे लूम्सच्या खात्यांचा, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांचा, खडखडाट चालू असताना त्यांनी "भाकर!" म्हटलं की पलीकडच्या पानवाल्यालाही ऐकू जाई.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिसरीत होते. पप्पांची बँकेची बदली सुरतेला झाली होती आणि सामानाचा ट्रक अजून पोचायचा होता. आईला हॉटेलात खायची सवय नव्हती. तिने आत शिरताच विचारलं, "पडद्याची खोली आहे का? फॅमिली रूम?"

आक्का म्हणाल्या, "व्हता पडदा. त्याना मी पिसोड्या कयात." पडद्याच्या त्यांनी भाकरी ठेवायच्या पिशव्या शिवल्या होत्या.

मग आमच्या टेबलाशी त्यांनी एक लूम्सवर काम करणारा माणूस आणून बसवला. ओरिसाचा होता. केसांत, भुवयांत सुताचे धागे. आई अंग चोरून बसली. तो माणूस आमच्याहून जास्त लाजला होता. जेवण संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही, फक्त माझ्या धाकट्या भावाने, बंड्याने, पाणी सांडलं तेव्हा स्वतःच्या रुमालाने पुसून घेतलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पुन्हा इथे नको." पुढच्या रविवारी तीच म्हणाली, "भरीत चांगलं होतं नाही?" आणि आम्ही पुन्हा गेलो. त्यानंतर जवळजवळ दर रविवारी.

भिंतीवर मोठ्या रंगीत अक्षरांत पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन अशी यादी होती. तीही त्या आधीच्या मालकाची. त्यातलं काहीही मिळत नसे. "पेंटरनी मेहनत करेल शे," म्हणून आक्कांनी ती पुसू दिली नव्हती. नवीन माणूस भिंतीकडे बघून "एक मंचुरियन" म्हणे आणि त्याच्यापुढे शेवभाजी येई. काय खायचं हे आक्का ठरवत. माणसाकडे एकदा बघत, आत जात, आणि जे आणत ते त्याला हवंच असे. मला ताप येऊन गेला होता, कुणी सांगितलं नव्हतं, तरी माझ्यापुढे मऊ खिचडी आणि भाजलेला पापड आला. आई म्हणाली, "यांना कसं कळलं?" त्याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

आणि मांडे. रविवारी दुपारी आक्का मांडे करत. पुरण भरलेला गोळा त्या हातावर घेत आणि हवेत झुलवत झुलवत दोन्ही हातांवर पसरत. तळव्यापासून मनगट, मनगटापासून कोपर. बघता बघता तो पांढरा पातळ पदर त्यांच्या दोन्ही हातांवर अंथरला जाई आणि त्यातून हिरवं गोंदण दिसू लागे. मग एक झोका, की तो उलट्या तापलेल्या खापरावर, एक सुरकुती न पडता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि श्वास घ्यायची विसरायची. त्यांचे यजमान, आबा, खाली बसून पुरण वाटत असायचे. त्यांची मिल बंद पडली तेव्हापासून ते फार बोलत नसत. माझ्याकडे बघून एकदाच म्हणाले, "तीस वरीस व्हईनात, मी बी अशाच पाहस."

आक्कांचं वागणं सगळ्यांना सारखं होतं. एकदा कतारगामचे एक हिऱ्यांचे शेठ आले. कुणी तरी त्यांना इथल्या भरिताचं सांगितलं होतं. पांढरी गाडी दारात, आणि गाडीत ड्रायव्हर बसलेला. शेठ म्हणाले, मला वेगळं टेबल पाहिजे, मी कुणाबरोबर बसत नाही. आम्ही शेजारच्या टेबलावर होतो. आता काय होणार म्हणून माझा घास हातातच राहिला.

आक्का ओरडल्या नाहीत. त्यांच्या त्या हिंदीत म्हणाल्या, "शेठ, किसीके साथ नहीं तो ड्रायव्हर के साथ बैठो. वो तो तुम्हारा ही आदमी है."

"वो बाद में खा लेगा."

"बाद में वो अकेला पडेगा ना."

शेठ उठले. दारापर्यंत गेले. तेवढ्यात आबांनी चुलीतली वांगी बाहेर काढली असावीत, कारण तो धुराचा, लसणीचा वास सगळ्या हॉटेलात पसरला. शेठ दारात थांबले. मग त्यांनी गाडीकडे बघून हात केला. ड्रायव्हर आत आला, समोर बसला, आणि पहिली काही मिनिटं दोघंही आपापल्या ताटात बघत राहिले. मग आम्हाला शेठचा आवाज ऐकू आला. ते गुजरातीत विचारत होते, "तारे छोकरां केटलां?" तुला मुलं किती? पप्पा आईला हळूच म्हणाले, "त्याच्या गाडीत रोज बसतो, आणि हे आज विचारतोय."

ते हॉटेल आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ती सगळी ओळ गेली. आबा त्याआधीच गेले होते. आक्का शेवटची काही वर्षं चलथाणला मुलीकडे होत्या. पण मला सांगायचं आहे ते आमच्या सुरतेतल्या चौथ्या वर्षाचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पप्पांचे थोरले भाऊ, आमचे काका, गावाहून आले होते. अमळनेरच्या बाजूला आमचं गाव. काका शेती बघत. पप्पांचं शिक्षण त्यांनी केलं होतं, आणि पप्पा त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नसत. मोठ्या हौसेने आम्ही त्यांना आक्कांकडे नेलं. मीच सांगितलं होतं, काका, तुम्ही मांडे बघाच.

काकांनी मांडे बघितले. खूश झाले. म्हणाले, "आपल्याकडच्या दिसतात. कोणत्या गावच्या?"

आक्कांनी गाव सांगितलं. आमच्या गावापासून नदी ओलांडली की तेच. काका आणखी खुलले. "अरे! मग आडनाव काय तुमचं? कोणत्या गल्लीतले?"

आक्कांच्या हातात ताट होतं. ते त्यांनी काकांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "गल्ली नही, दादा. आम्ही गावना खाले ऱ्हातस. बौद्ध शेतस आम्ही."

गल्ल्यावर बुद्धाची तसबीर होती, रोज ताजा हार असलेली. आम्ही ती पहिल्या दिवसापासून पाहत होतो. आईला, पप्पांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. फक्त त्यावर कुणी बोललं नव्हतं.

काकांनी हात ताटाजवळ नेला होता, तो मांडीवर परत घेतला. "मी विसरलोच," ते म्हणाले. "आज माझी एकादशी."

त्या दिवशी एकादशी नव्हती. गल्ल्याच्या वर टांगलेल्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसत होतं. मी पप्पांकडे बघितलं. पप्पा आपल्या ताटातल्या भाकरीकडे बघत होते. आईचा घास तोंडात तसाच. काका उठून बाहेर गेले आणि रस्त्याकडेच्या बाकावर पाठ करून बसले.

आक्का आत गेल्या, दोन केळी घेऊन आल्या आणि बाहेर जाऊन त्यांच्यासमोर धरली. मी दारापर्यंत मागे गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलताना ऐकलं.

"दादा, उपासाला केळं तर चालेल ना? त्याला साल असते."

काकांनी मान फिरवली. आक्कांनी केळी बाकावर ठेवली आणि आत आल्या. मला वाटलं, आता पप्पांना बोलतील. आम्हाला उठवतील. त्या पप्पांच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जाय रे भाऊ, त्यासना जोडे बठ. त्या एकला शेतस."

पप्पा उठले आणि ताट तसंच टाकून काकांजवळ जाऊन बसले. आम्ही तिघं आत, ते दोघं बाहेर. 

त्यानंतर आम्ही आक्कांकडे गेलो नाही. रविवार आला की पप्पांना काही तरी काम निघे. भाजीला जाताना आई मागच्या गल्लीने वळसा घाली. मी एकदा विचारलं, "आक्का आपल्यावर रागावल्यात का?" आई म्हणाली, "रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग प्लेगची साथ आली. सुरतेत त्या दिवसांत काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पुरानंतरचा चिखल, नाकातोंडावर रुमाल, औषधाच्या दुकानांपुढे कॅप्सूलसाठी रांगा, आणि स्टेशनकडे जाणारी माणसंच माणसं. दोन दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये तीनच दारं उघडी राहिली. पप्पांकडे बँकेच्या तिजोरीची एक किल्ली असे, त्यामुळे त्यांना हलता येणार नव्हतं. त्यांनी आईला, बंड्याला आणि मला गाडीत कोंबलं आणि काकांकडे पाठवलं.

गावाच्या वेशीवर काका उभे होते. आम्ही धावत सुटलो तसे त्यांनी दोन्ही हात पुढे करून थांबवलं. "तिथेच, तिथेच राहा." सुरतेहून कुणी आलं की गावात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. आमची सोय गावाबाहेर खळ्यातल्या कडब्याच्या छपरात केली होती. खाट, घोंगडी, कंदील, सगळं काकांनी नीट लावून ठेवलं होतं. काही कमी नव्हतं. काकू दोन वेळा जेवण घेऊन येई, एका दगडावर ठेवी आणि मागे सरे. ती लांब गेली की मग आम्ही जायचं. आमची भांडी आम्हीच घासायची, आणि ती घरात परत जायची नाहीत. पाणी मागितलं तर काकू तांब्या उंच धरून वरून ओती आणि आम्ही ओंजळ करून प्यायचो. बंड्याला तो खेळ वाटे. तो पुन्हा पुन्हा पाणी मागे.

गावातली पोरं लांबून बघत. एकाने आमच्या दिशेने खडा मारला आणि ओरडला, "सुरतवाले! सरका!"

तिसऱ्या दिवशी आई ओंजळीने पाणी पीत होती. मधेच थांबली. बोटांतून पाणी गळून गेलं तरी तिने हात तसेच धरले होते. काकू लांबून म्हणाली, "काय झालं? आणखी ओतू?" आईने नुसती मान हलवली.

काका वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी ते बांधावर बसून आमच्याशी लांबून गप्पा मारत. बंड्यासाठी बाभळीची गाडी करून त्यांनी ती त्याच दगडावर ठेवली. नवव्या दिवशी सकाळी आम्हाला घरात घेतलं, तेव्हा बंड्याला छातीशी धरून ते मोठ्याने रडले. त्यांना भीती वाटत होती, एवढंच. घरात त्यांची दोन नातवंडं होती.

इकडे पप्पा उपाशी राहायची वेळ आली होती. सगळी हॉटेलं बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बँकेतून निघाले आणि त्यांना रस्त्यात धूर दिसला, वांगी भाजल्याचा. आक्कांचं दार उघडं होतं. पप्पा पायरीखालीच उभे राहिले. आत जायची त्यांची छाती होईना.

"ये ना रे भाऊ," आक्का म्हणाल्या. जणू मागच्याच रविवारी भेट झाली होती.

आत टेबलं सगळी भिंतीकडे सरकवलेली होती. मुन्सिपालिटीची माणसं सांगून गेली होती की कुणी कुणाजवळ बसायचं नाही, गर्दी करायची नाही. आक्कांना ते पटलं होतं, कारण एका डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. पण त्यांचा स्वतःचा नियम तर होता. तेव्हा त्यांनी लांबोळ्या खोलीच्या या टोकाला एक टेबल लावलं आणि त्या टोकाला एक. दारं-खिडक्या सताड उघड्या. या टोकाच्या टेबलावर येणारा माणूस बसे आणि त्या टोकाला स्वतः आक्का, आपलं ताट घेऊन, त्याच्याकडे तोंड करून. तो जेवेल तेवढा वेळ त्याही जेवत. तो गेला की टेबल गरम पाण्याने धुऊन पुढचा माणूस, आणि आक्का पुन्हा चतकोर भाकरी घेऊन बसत. मागे राहिलेले वॉचमन, घरी परतायला पैसे नसलेले ओरिसाचे दोघं-तिघं, एक म्हातारा पारशी, आमचे पप्पा. दिवसाला आठ-दहा जेवणं त्या तशा जेवल्या. पप्पा सांगत, "बाई एवढ्या लांब बसायची, पण तिचं चावणं मला ऐकू यायचं. सगळं शहर गप्प, आणि आम्ही दोघं भाकरी खातोय."

एक दिवस पप्पांनी तिथूनच आवाज चढवून सुरुवात केली, "आक्का, त्या दिवशी मी..."

"भाकर थंडी व्हई ऱ्हायनी," पलीकडून उत्तर आलं.

आम्ही महिन्याभराने परतलो. पहिल्याच रविवारी आई म्हणाली, चला. हॉटेल पुन्हा भरू लागलं होतं. आई कुठल्याच टेबलावर बसली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे. आक्का परातीत पीठ मळत होत्या. आईने त्यांना सगळं सांगितलं. छपराचं, दगडाचं, वरून ओतलेल्या पाण्याचं. 

आक्कांनी मळणं थांबवलं नाही. "कितला दिन?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस."

"आठ दिन," आक्का म्हणाल्या. त्यांनी पिठाचा गोळा उलटला, पुन्हा दाबला. "मन्ही मायना आख्खा जलम गया."

स्वतःच्या आईचा अख्खा जन्म त्या सांगत होत्या, पण त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. कुणी गावाचं अंतर विचारावं आणि दुसऱ्याने सांगावं, तसं. आबांचा वरवंटा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी अकरा वर्षांची होते, मला सगळं कळलं असं नाही, पण पिठात चालणारे त्या बाईचे हात मला लख्ख आठवतात.

आई म्हणाली, "आक्का, चार वर्षं आम्ही तुमच्याकडे जेवतोय. मी तुम्हाला एकदाही घरी बोलावलं नाही."

आक्कांनी हातांवरचं पीठ झाडलं.

"मंगळवारी तुमचं बंद असतं. दोघं या. दुपारी."

त्याच संध्याकाळी पप्पांनी काकांना कार्ड लिहिलं. मला वाचून दाखवलं, म्हणून आठवतं. इकडे सर्व ठीक, कामावर रुजू आहे, आणि येत्या मंगळवारी आक्का व आबा आपल्या घरी जेवायला येणार आहेत. काकांचं उत्तर पुढे आलं. त्यात कपाशीचं होतं, बैलाच्या पायाचं होतं, मुलांना आशीर्वाद होता. आक्कांबद्दल चकार शब्द नव्हता. पप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मंगळवारी आईने पहाटेपासून स्वयंपाक मांडला. आमच्याकडे जेवणाचं टेबल नव्हतं. तिने सगळी पानं जमिनीवर एका ओळीत मांडली, स्वतःचंसुद्धा. पाहुणे जेवल्याखेरीज आई कधी बसत नसे. ठरल्या वेळी दारात आक्का. हिरवं इरकली लुगडं, कुंकू ठळक, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला संकोच. हॉटेलात छताला भिडणारी ती बाई आमच्या उंबऱ्याशी चपला काढून, त्या नीट जोडून ठेवत बसली होती. आबा त्यांच्या मागे, हातात पेढ्यांचा पुडा. पप्पा स्वतः पुढे झाले आणि म्हणाले, "या, आत या." आईने पाण्याचा ग्लास आक्कांच्या हातात दिला. आक्कांनी तो तोंडाला लावून एका दमात संपवला.

आम्ही सहाही जण बसलो.  आक्कांनी भात कालवला, पहिला घास घेतला, आणि आई आपला हात पानावर तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आक्कांनी घास सावकाश चावला, गिळला, आणि आईकडे वळल्या.

"वरनमा मीठ कमी शे, बहीन."

आईने ओठ दाबले, पण तिला हसू आवरेना. हसता हसताच डोळे पुसत ती उठली आणि मीठ आणायला आत गेली.